पेनिसिलिनच्या आधीचा फ्लेमिंग: एक सर्दी, गाईचा सड आणि कॉम्प्युटरवर घडणारं औषध

अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. शोध: पेनिसिलिन. साल: १९२८. मार्क: १. पुढचा प्रश्न. मीसुद्धा तेच केलं आणि विसरून गेलो. ते नाव पुन्हा कानावर पडलं ते आमच्या गोठ्यात.

आमच्या घरी चार गाई. त्यातल्या गौरीची कास एकदा सुजली. धार काढताना दुधात गुठळ्या यायला लागल्या आणि मागचा उजवा सड हाताला दगडासारखा लागायला लागला. आमच्याकडे याला दगडी म्हणतात, पुस्तकात कासदाह, आणि डॉक्टर मस्टायटिस म्हणतात. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सडात सोडायच्या ट्यूब दिल्या आणि बजावलं की कोर्स पूर्ण करा, आणि मी सांगेपर्यंत दूध डेअरीला घालू नका. दोन दिवसांत सूज उतरली, गौरी वैरण खायला लागली. रोजचं दूध ओतून द्यायचं म्हणजे रोजचे पैसे ओतून द्यायचे. मग आम्हीच ठरवलं, झाली बरी. उरलेल्या ट्यूब फळीवर गेल्या आणि दूध डेअरीला.

तीन आठवड्यांनी दगडी परत आली. या वेळी तेच औषध लागू पडलं नाही. दुसरं झालं, तिसरं झालं. गाय वाचली, पण तो सड कायमचा आटला. आमच्या अर्धवट कोर्समुळेच असं झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण डॉक्टर जाताना एवढंच सांगून गेले की अर्धवट डोस देऊ नका, हे खुद्द फ्लेमिंगनी १९४५ सालीच जगाला सांगून ठेवलंय.

त्या रात्री मोबाईलवर फ्लेमिंग शोधायला बसलो. आणि कळलं की आपण पाठ केलेली गोष्ट अर्धीच आहे. तिची पहिली अर्धी बाजू सर्दीपासून सुरू होते आणि आज ती गाईगुरांच्या शरीरातल्या नैसर्गिक जंतुनाशकांपर्यंत आणि ती घडवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत येऊन पोचली आहे. ती सांगतो.

शेतावरचा पोरगा

फ्लेमिंग काही डॉक्टरांच्या घरात जन्मला नाही, तो शेतकऱ्याचा पोरगा. ६ ऑगस्ट १८८१ ला स्कॉटलंडमध्ये, डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर त्याचा जन्म झाला. हा सगळा मुलूख एअरशरचा. दुधाच्या गाईंची एअरशर नावाची जी नामांकित जात आहे, ती याच भागातली. थंड वाऱ्याचं माळरान, मेंढ्या, मैलोनमैल चालत शाळा. अलेक सात वर्षांचा असताना वडील गेले. शेती आई आणि थोरल्या भावंडांनी सांभाळली.

तेराव्या वर्षाच्या सुमारास तो लंडनला आला. तिथे एक भाऊ डॉक्टर होता. थोडं शिक्षण झाल्यावर अलेक एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि चार वर्षं तिथेच रमला नसताना रेटत राहिला. मग एक काका वारले आणि त्यांच्या संपत्तीतले २५० पौंड त्याच्या वाट्याला आले. डॉक्टर भावाने सुचवलं, पैसे हातात आहेत तर डॉक्टरकी शिक. लंडनमधल्या अनेक कॉलेजांतून त्याने सेंट मेरीज निवडलं. कारण काय? त्यांच्या वॉटर पोलो टीमशी तो एकदा खेळला होता!

पुढचा योगायोगही असाच. १९०६ साली पदवी मिळाली. अलेक नेमबाज होता आणि त्याने कॉलेजच्या रायफल क्लबात राहावं म्हणून एका सहकाऱ्याने त्याला तिथल्याच लस विभागात चिकटवून दिलं. सर अल्मरॉथ राइट यांच्या त्या विभागात फ्लेमिंग जे शिरले, ते जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच राहिले. कमी बोलणारा माणूस. टेबलावर जंतूंच्या बश्यांचा पसारा. फावल्या वेळात वेगवेगळ्या रंगांचे जीवाणू बशीत वाढवून त्यांची चित्रं काढायचा छंद.

युद्धात दिसलेली गोष्ट

पहिल्या महायुद्धात राइट यांची तुकडी फ्रान्समधल्या बुलोन्य इथे गेली. तिथे एका कॅसिनोत लष्करी दवाखाना आणि प्रयोगशाळा थाटलेली होती. जखमी सैनिक येत, जखमा चिघळत आणि डॉक्टर त्यात कार्बोलिक आम्लासारखी जालीम जंतुनाशकं ओतत. तरी माणसं मरत.

फ्लेमिंगनी काचेची नळी तापवून तिला आत वळलेली टोकं काढली आणि जखमेचं एक मॉडेलच बनवलं. त्यात दिसलं की औषध वरवर फिरतं, खोल कोपऱ्यात लपलेल्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. त्याहून वाईट म्हणजे, ही जंतुनाशकं जंतूंच्या आधी आपल्याच पांढऱ्या पेशींना मारतात. म्हणजे शहराच्या बचावाला आलेल्या शिपायांवरच गोळीबार.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कॉम्प्युटरपाशी पुन्हा लागणार आहे. जंतू मारणं अवघड नाही, ते ब्लीचही करतं. अवघड आहे ते जंतूला मारून शरीराच्या पेशीला हात न लावणं. युद्धावरून फ्लेमिंग हाच प्रश्न घेऊन परतले.

सर्दीचा थेंब

नोव्हेंबर १९२१. फ्लेमिंगना सर्दी झाली होती. दुसरा कुणी रुमाल शोधला असता. यांनी स्वतःच्या नाकातला शेंबूड घेऊन बशीत पेरला. बशीत पिवळ्या रंगाचे जीवाणू उगवले, पण शेंबडाच्या आसपास ते विरघळून चालले होते. मग त्यांनी जीवाणूंनी गढूळ झालेलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात शेंबडाचा अंश टाकला. बघता बघता पाणी नितळ झालं.

हे काय आहे? सर्दीचा परिणाम की शरीरातच मुळात असलेलं काही? त्यांनी अश्रू घेतले. तेच झालं. लाळ घेतली. तेच. अश्रू लागणार म्हणून लिंबं आणली गेली. लिंबाच्या सालीचा फवारा स्वतःच्या आणि सहकारी अ‍ॅलिसन यांच्या डोळ्यांत मारून ते अश्रू गोळा करत. नंतर प्रयोगशाळेतले शिपाई आणि येणारेजाणारेही यातून सुटले नाहीत. शिपायांना दर खेपेला तीन पेन्स मिळत म्हणे. सगळ्यात जास्त माल मात्र निघाला तो कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात.

या पदार्थाला नाव मिळालं लायसोझाइम. हे एक प्रथिन आहे. जीवाणूच्या भोवती साखरेच्या साखळ्यांनी विणलेलं एक कवच असतं. लायसोझाइम त्या साखळ्या कात्रीसारखा कापतं. कवच उसवलं की बाहेरचं पाणी आत घुसतं आणि जीवाणू फुग्यासारखा फुटतो. आपल्या पेशींना असं कवच नसतंच, त्यामुळे कात्री आपल्याला लागत नाही. युद्धातल्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर होतं आणि ते नाकात सापडलं!

डिसेंबर १९२१ मध्ये फ्लेमिंगनी लंडनच्या संशोधकांसमोर हे काम वाचून दाखवलं. ते काही फर्डे वक्ते नव्हते. भाषण संपलं आणि एकानेही प्रश्न विचारला नाही. १९२२ मध्ये शोधनिबंध छापून आला, तेव्हाही फारशी हालचाल नाही. याला कारणही होतं. लायसोझाइम ज्या जीवाणूंना झटपट मारत होतं ते बहुतेक निरुपद्रवी होते. आजार करणारे बरेचसे जीवाणू त्याला दाद देत नव्हते. औषध म्हणून उपयोग शून्य, असं सगळ्यांना वाटलं.

पण फ्लेमिंगनी ते सोडलं नाही. १९२७ मध्ये त्यांनी आणि अ‍ॅलिसन यांनी आणखी एक निबंध लिहिला, ज्याची आज फारशी कुणी आठवण काढत नाही. त्यात त्यांनी दाखवलं की जीवाणू लायसोझाइमच्या संगतीत वाढत राहिले तर त्यांच्यातून त्याला न जुमानणारे वाण तयार होतात. म्हणजे पेनिसिलिन सापडण्याच्याही एक वर्ष आधी हा माणूस औषधाला सरावणारे जंतू बघून बसला होता.

बुरशी, आणि तिच्यामागचं लायसोझाइम

आता तुम्हाला माहीत असलेली गोष्ट, भरभर. सप्टेंबर १९२८. फ्लेमिंग सुट्टीवरून परतले. टेबलावरच्या एका बशीत बुरशी आली होती आणि बुरशीच्या कडेने स्टॅफिलोकॉकस जातीचे जीवाणू विरघळत होते. दुसऱ्याने बशी धुवायला टाकली असती. पण सात वर्षांपूर्वी असंच दृश्य शेंबडाभोवती बघितलेला माणूस ती धुवायला टाकणार नव्हता. नजर आधीच तयार झालेली होती.

१९२९ मध्ये त्यांनी निबंध लिहिला. बुरशीच्या रसाला पेनिसिलिन नाव दिलं. पण ते शुद्ध करणं जमेना, टिकवणं जमेना. फ्लेमिंग रसायनशास्त्रज्ञ नव्हते. काम रखडलं ते दहा वर्षं.

पुढे ते उचललं ऑक्सफर्डमधल्या हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी. आणि गंमत बघा, ही मंडळी आधी कशावर काम करत होती? लायसोझाइमवर! ते जीवाणूचं कवच नेमकं कुठे कापतं, हे त्यांची टीम शोधत होती. जंतूंना मारणाऱ्या इतर नैसर्गिक पदार्थांबद्दल जुने निबंध चाळताना चेन यांच्या हाती फ्लेमिंग यांचा १९२९ चा निबंध लागला. म्हणजे ज्या शोधावर कुणी प्रश्नही विचारला नाही, त्याच्याच वाटेने पेनिसिलिन परत सापडलं.

२५ मे १९४० ला त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. ज्यांना दिलं ते सकाळी जिवंत होते, बाकीचे चारही मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिसाला औषध दिलं. तो सुधारायला लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून परत काढून पुन्हा टोचत होते. तेही संपलं. जंतू उलटले आणि तो मार्चमध्ये गेला. अर्धवट राहिलेला डोस काय करतो, याचं हे बहुतेक पहिलं उदाहरण. फरक एवढाच की तिथे औषध संपलं होतं आणि आमच्याकडे ते फळीवर पडून होतं.

१९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळालं. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंगनी आनंद सांगता सांगता धोकाही सांगितला. औषध कमी प्रमाणात दिलं तर जंतू मरत नाहीत, उलट शिकतात. त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट रचून सांगितली. तो घसा दुखतो म्हणून थोडंसंच पेनिसिलिन घेतो. त्याच्यातले जंतू औषधाला सरावतात, ते बायकोकडे जातात आणि तिला मात्र तेच औषध वाचवू शकत नाही. दोष कुणाचा, हे विचारून त्यांनी उत्तरही स्वतःच दिलं: त्या गृहस्थाचा.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. मला त्या गोष्टीतला गृहस्थ दिसला नाही, आमची फळी दिसली.

गाईच्या अंगातलं शस्त्रागार

आता लायसोझाइमकडे परत येऊ, कारण त्याचं पुढे खूप काही झालं. शरीर स्वतःच जंतुनाशक बनवतं, ही फ्लेमिंग यांची मूळ कल्पना होती. १९८० नंतर संशोधकांना किड्यांत, बेडकांत, माणसांत आणि गोठ्यातल्या जनावरांतही अशी शेकडो जंतुनाशकं सापडत गेली. यातली बरीचशी लायसोझाइमपेक्षा खूप लहान आहेत. त्यांना जंतुरोधक पेप्टाइड म्हणतात.

पेप्टाइड म्हणजे काय? अमिनो आम्लं म्हणजे मणी समजा. असे २० प्रकारचे मणी. त्यांची लांब माळ ओवली की प्रथिन, छोटी ओवली की पेप्टाइड. कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम १२९ मण्यांचं आहे. गाईच्या पांढऱ्या पेशींत १९९२ मध्ये इंडोलिसिडिन नावाचं पेप्टाइड सापडलं, ते फक्त १३ मण्यांचं! त्याच्या एक वर्ष आधी गाईच्या श्वासनलिकेच्या अस्तरात एक जंतुरोधक पेप्टाइड सापडलं होतं. गाय धुळीत, शेणात, ओल्या वैरणीत नाक खुपसून श्वास घेते, तरी तिची फुप्फुसं शाबूत राहतात, त्याला असे पहारेकरीही कारण आहेत. डुकराच्या पांढऱ्या पेशींत प्रोटेग्रिन सापडलं. आणि दुधातलं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन पोटातल्या पाचकरसाने तुटलं की त्यातून लॅक्टोफेरिसिन नावाचा एक तुकडा सुटतो, तोही जंतू मारतो.

खुद्द लायसोझाइमचाही गाईने भन्नाट उपयोग करून घेतलाय. गाय चारा खाते असं आपण म्हणतो. खरं तर ती चारा पहिल्या पोटातल्या जीवाणूंना खाऊ घालते. ते जीवाणू पुढे चौथ्या पोटात आले की तिथे भरपूर लायसोझाइम तयार असतं. ते त्यांची कवचं फोडतं आणि गाय त्यांनाच पचवते. फ्लेमिंग यांची कात्री गाईच्या पोटात पाचक म्हणून कामाला लागलेली आहे.

ही छोटी पेप्टाइडं मारतात कशी? त्यांच्यातल्या बऱ्याच मण्यांवर धन विद्युतभार असतो. जीवाणूच्या पातळ आवरणाची बाहेरची बाजू ऋण भाराची असते. आपल्या किंवा गाईच्या पेशींची बाहेरची बाजू जवळपास भाररहित असते. त्यामुळे पेप्टाइड जीवाणूकडे ओढलं जातं. माळेच्या एका बाजूला पाण्याशी पटणारे मणी आणि दुसऱ्या बाजूला तेलाशी पटणारे. तेलाशी पटणारी बाजू आवरणात घुसते, आवरण फाटतं किंवा त्याला भोकं पडतात, आतला ऐवज बाहेर आणि जीवाणू खलास. काही पेप्टाइडं आवरण ओलांडून आत जाऊन काम बंद पाडतात.

कॉम्प्युटरवर माळ ओवताना

मग हीच पेप्टाइडं बाटलीत भरून गौरीच्या सडात का सोडत नाहीत? कारण निसर्गाने ती औषध म्हणून बनवलेलीच नाहीत. इंडोलिसिडिन जंतूंबरोबर तांबड्या पेशीही फोडतं. शरीरातले पाचक पदार्थ पेप्टाइडं झटपट तोडून टाकतात. दुधात किंवा रक्तात मीठ आणि इतर प्रथिनं असतात, त्यात काहींची धार बोथट होते. शिवाय ती बनवायला महाग. म्हणजे माळेतले मणी बदलून बघायला हवेत.

पण किती बदलणार? फक्त १० मण्यांची माळ घ्या. प्रत्येक जागी २० पर्याय. एकूण माळा होतात १० लाख २४ हजार कोटी. फ्लेमिंग दिवसाला शंभर बश्या तपासत बसले असते तरी कोट्यवधी वर्षं लागली असती. इथे कॉम्प्युटर लागतो.

पहिली पायरी म्हणजे यादी. आतापर्यंत सापडलेली पेप्टाइडं, त्यांच्या माळा, ती कुठल्या जंतूवर किती चालतात. आणि ही बातमी मला सगळ्यात आवडली: अशा जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसपैकी एक मुंबईत बनलाय. परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी २०१० मध्ये कॅम्प नावाचा जंतुरोधक पेप्टाइडांचा संग्रह जगासमोर ठेवला आणि नंतर त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. नुसती यादी नाही, तुम्ही एखादी माळ टाकली तर ती जंतुरोधक असण्याची शक्यता किती, याचा अंदाजही तो देतो.

हा अंदाज कसा येतो? तुमच्या ईमेलमधला स्पॅम फिल्टर आठवा. हजारो स्पॅम आणि हजारो खरे मेल दाखवून त्याला शिकवलेलं असतं. इथेही तसंच. चालणारी पेप्टाइडं एकीकडे, न चालणारी दुसरीकडे. मॉडेल त्यातून शिकतं की भार किती असावा, तेलाशी पटणारे मणी किती आणि कुठे असावेत, माळ गुंडाळली की कुठल्या आकाराची होते. यातली एक पद्धत रँडम फॉरेस्ट नावाची आहे. त्यात शेकडो छोटे निर्णयवृक्ष आपापलं मत देतात आणि बहुमताने निकाल लागतो. गावच्या पंचायतीसारखं.

दुसरी पायरी म्हणजे नवी माळ घडवणं. गाईच्या एखाद्या पेप्टाइडपासून सुरुवात करायची. एक मणी बदलायचा, गुण मोजायचे, चांगली निघालेली ठेवायची, उरलेली टाकायची, पुन्हा बदलायचा. शेतकरी पिढ्यान् पिढ्या बियाणं निवडत आला तसंच, फक्त इथे पिढी सेकंदाची. तिसरी पायरी सिम्युलेशनची. जीवाणूचं आवरण अणू-अणूने कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं आणि त्यावर पेप्टाइड सोडून बघायचं. मग तेच गाईच्या पेशीच्या आवरणावर. एकाला भोक पडलं पाहिजे, दुसऱ्याला नाही. हा प्रश्न फ्लेमिंगनी बुलोन्यच्या कॅसिनोत काचेची नळी वाकवून विचारला होता, तोच आहे.

एवढं करून कॉम्प्युटर काय देतो? औषध नाही, उमेदवारांची यादी. लाखो कोटींतून पन्नास-शंभर. त्या पुढे खऱ्या बशीत, खऱ्या दुधात, खऱ्या गाईवर तपासाव्याच लागतात. आणि मॉडेल तेवढंच हुशार, जेवढी त्याला दिलेली माहिती खरी. १९८९ मध्ये डुकराच्या आतड्यातून सेक्रोपिन पी-१ नावाचं पेप्टाइड मिळालं. वर्षानुवर्षं ते डुकराचं म्हणून गणलं गेलं. २००३ मध्ये कळलं की ते डुकराचं नव्हतंच, त्याच्या आतड्यात राहणाऱ्या जंताचं होतं! डुकराच्या प्रोटेग्रिनवरून माणसांसाठी बनवलेलं एक औषध, इसेगनन, मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचलं आणि तिथे अपेक्षित फायदा दाखवू शकलं नाही. स्क्रीनवर जिंकणं आणि गोठ्यात जिंकणं यात एवढं अंतर आहे.

मग पेप्टाइडांना जंतू सरावणार नाहीत का?

हा दावा तुम्हाला खूप ठिकाणी वाचायला मिळेल. पेप्टाइड थेट आवरण फोडतं, त्यामुळे जंतूला पळवाट नाही, वगैरे. पळवाट कठीण आहे हे खरं. नाही हे खोटं. १९२७ चा तो विसरलेला निबंध आठवा.

आणि ताजं उदाहरण थेट पशुपालनातलंच आहे. कोलिस्टिन हे जीवाणूपासून मिळणारं पेप्टाइड जातीचंच औषध, तेही आवरणावरच हल्ला करतं. माणसांत बाकी सगळी औषधं हरली की डॉक्टर ते काढतात. पण अनेक देशांत कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात ते सर्रास मिसळलं जात होतं, आजारासाठी नाही तर वजन वाढावं म्हणूनही. २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला निकामी करणारं एक जनुक डुकरांतल्या जीवाणूंमध्ये सापडलंय आणि ते एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे उडी मारू शकतं. फाईल शेअर करावी तसं. मग इतर देशांतही ते दिसायला लागलं. भारताने २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली.

म्हणजे हत्यार कितीही नवं असू दे, कॉम्प्युटरने घडवलेलं असू दे, वापरणारा जुनाच राहिला तर शेवट तोच.

शेवटची वर्षं

प्रसिद्धी मिळाल्यावर फ्लेमिंग जगभर हिंडले. सर झाले, पदव्या आणि मानपत्रं मिळाली. पण पेनिसिलिन आपण बनवलं नाही, ते निसर्गाने बनवलं, आपल्याला फक्त ते दिसलं, असंच ते सांगत राहिले. १९४९ मध्ये पत्नी सारा गेल्या. १९५३ मध्ये त्यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या ग्रीक संशोधक अमालिया यांच्याशी लग्न केलं. ११ मार्च १९५५ ला लंडनमध्ये हृदयविकाराने ते गेले. त्यांच्या अस्थी सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आहेत.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली होती, भारतात पेनिसिलिन बनवायला. ज्या औषधाचा थेंब थेंब लघवीतून परत काढावा लागत होता, ते पुढे इतकं स्वस्त झालं की आमच्यासारख्याने ते फळीवर टाकून विसरावं.

फ्लेमिंगना आपण भाग्यवान म्हणतो, बुरशी उडून बशीत पडली म्हणून. मला आता तसं वाटत नाही. टाकून द्यायच्या गोष्टीकडे दोनदा बघणारा तो माणूस होता. एकदा शेंबडाकडे आणि एकदा बुरशीकडे. आणि जे दिसलं त्यातली वाईट बातमीही त्याने लपवली नाही.

गौरी अजून तीन सडांवर दूध देते. कॉम्प्युटरवर घडलेलं पेप्टाइड आमच्या गोठ्यात कधी येईल ते येवो. तोवर माझ्या मोबाईलमध्ये एक अलार्म आहे. गोठ्यात कुठल्याही जनावराचा कोर्स सुरू झाला की तो डॉक्टरांनी सांगितलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ वाजतो. गाय दुसऱ्या दिवशी बरी दिसली तरी मी तो बंद करत नाही.